सात फुटी टेबल, पावणेसात फुटी दार

इमारतीचा हॉल हवा असेल तर अर्ज भरावा लागतो, आणि अर्जातल्या ‘कार्यक्रमाचा प्रकार’ या रकान्यात चारच पर्याय आहेत: लग्न, वाढदिवस, शोकसभा आणि निरोप समारंभ. सर सोसायटीच्या चिटणिसांच्या दारात उभे राहून पाच मिनिटं हा रकाना न्याहाळत होते. चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला चारातला एक पर्याय निवडायला पाच मिनिटं लागतात, हे चिटणिसांनी मनातल्या मनात नोंदवून ठेवलं असणार. चिटणीस सगळंच नोंदवून ठेवत.

“यात ‘इतर’ नाही?” सरांनी विचारलं.

“होतं. एकाने ‘इतर’ लिहून हॉलमध्ये तीन दिवस गाद्या विकल्या. तेव्हापासून काढून टाकलं. तुमचा कार्यक्रम काय आहे?”

“बावीस जुलै.”

“ती तारीख झाली, सर. कार्यक्रम?”

“तारीख हाच कार्यक्रम आहे.”

मग सरांनी समजावून सांगितलं. कुठल्याही वर्तुळाचा परीघ व्यासाने भागला की एकच संख्या येते. तिला म्हणायचं पाय. ती दशांशात लिहायला गेलं तर संपतच नाही, म्हणून शाळेत बावीस सप्तमांश धरतात. आता बावीस तारीख आणि सातवा महिना. बावीस भागिले सात. जगभरची गणितवेडी माणसं हा दिवस पाळतात आणि त्या दिवशी गोल पदार्थ खातात. चिटणिसांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. याआधी सरांनी हेच जिन्यात दोघींना सांगितलं होतं, त्यातल्या एकीने गुडघ्याला लावायचं तेल आणून दिलं होतं. त्या मानाने हे बरं होतं.

“मग निरोप समारंभ लिहून टाका की,” चिटणीस म्हणाले. “तेवीसला टेपकाका चाललेच आहेत मुलीकडे कायमचे. त्यांच्या नावावर लगेच मंजुरी मिळेल.”

सरांचा चेहरा उतरला. “निरोपाचा काही संबंध नाही,” असं म्हणून त्यांनी ‘वाढदिवस’ यावर खूण केली. उत्सवमूर्तीचं नाव: पाय. वय: सांगता येत नाही. फ्लॅट क्रमांक: लागू नाही. वेळ: दुपारी चार ते सहा. चिटणिसांनी शिक्का मारला, कारण एकही रकाना रिकामा नव्हता.

निरोपाचा संबंध होता. किंबहुना फक्त तेवढाच होता.

टेपकाका वरच्या मजल्यावर राहत. सरकारी मोजणी खात्यात उभी हयात गेली, निवृत्त झाले तरी खिशातली पोलादी टेप गेली नाही, म्हणून हे नाव. त्यांची आणि सरांची दोस्ती बावीस वर्षांची होती आणि अबोला तीन वर्षांचा. म्हणजे बावीस भागिले सात होता होता राहिलं, असं औषधवाले म्हणत. औषधवाले हे कोपऱ्यावरच्या दुकानाचे मालक आणि या गणितवेड्या मंडळाचे तिसरे व शेवटचे सभासद. अबोल्याचं कारण तारीख. टेपकाका चौदा मार्च मानत. महिना आधी लिहिला की तीन-चौदा होतात, आणि पायची सुरुवात तीन पूर्णांक चौदा अशीच आहे. त्या दिवशी दुपारी एक वाजून एकोणसाठ मिनिटांनी ते चहा पाजत, कारण पुढचे आकडे एक, पाच, नऊ असे आहेत. तीन वर्षांपूर्वी सर दोन वाजून पाच मिनिटांनी पोचले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “आपल्याकडे दिवस आधी लिहितात. चौदा भागिले तीन म्हणजे साडेचारच्याही वर झाले. हा कुठला पाय?” त्यावर टेपकाका म्हणाले, “आणि बावीस सप्तमांश कुठला? ती चूक आहे. तू चाळीस वर्षं पोरांना चूक शिकवलीस.”

शब्दाने शब्द वाढला असता तर कदाचित मिटलंही असतं. पण सर काही न बोलता चहाचा कप खाली ठेवून निघून आले. तेव्हापासून दोघं एकाच लिफ्टमधून जात आणि आकडे बदलताना बघत.

“माणूस कायमचा चाललाय,” बाई म्हणाल्या. बाई म्हणजे सरांची बायको. त्याही शिक्षिका होत्या, पण शिवणकामाच्या, त्यामुळे घरात त्यांचं मत विचारात घेतलं जात नसे. “वर जा, दार वाजवा, ‘चुकलं’ म्हणा आणि चहा पिऊन या. अर्ध्या तासाचं काम आहे.”

“माझं काही चुकलेलं नाही.”

“मग ‘चुकलं’ म्हणायला काय जातंय?”

सरांनी एक कार्ड लिहिलं, ‘बावीस जुलै, दुपारी चार, हॉल. येणे.’ आणि औषधवाल्यांच्या हाती वर पाठवलं. औषधवाल्यांना या भांडणात बाजू नव्हती. ते दोन्ही दिवशी केक खात. संध्याकाळी त्यांनी तेच कार्ड परत आणलं. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘बावीस सप्तमांश कागदावर पुष्कळ पाहिले. प्रत्यक्षात दाखव, मोजतो, मग बसतो.’

सरांनी ते तीनदा वाचलं. नकार नव्हता. ‘बसतो’ असा स्पष्ट शब्द होता. त्याच क्षणी सरांच्या डोक्यात टेबल आलं. व्यास सात फूट, परीघ बावीस फूट, भोवती खुर्च्या. येऊ दे, मोजू दे, बसू दे.

सुतारमामांनी माप ऐकून कानावरची पेन्सिल काढली आणि परत ठेवली. “सात फुटी पाट्या मिळत नाहीत, जोड द्यावा लागेल. त्यापेक्षा दोन अर्धे भाग करतो, मध्ये बिजागऱ्या. उघडा, मिटा, कुठेही न्या.”

“दोन अर्धवर्तुळं म्हणजे वर्तुळ नव्हे.”

“उघडल्यावर होतंच ना?”

“मध्ये फट राहते. मला अखंड पाहिजे.”

“बरं. ठेवायचंय कुठे?”

“हॉलमध्ये.”

“हॉलचं दार केवढंय?”

“दाराचं काय करायचंय?” सर जरा चिडूनच म्हणाले. “माप टेबलाचं सांगितलंय.”

सुतारमामांनी खांदे उडवले. गिऱ्हाइकाला दोनदा विचारायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

काम पार्किंगमध्ये सुरू झालं, वकीलबाईंच्या गाडीच्या जागेत, कारण त्या आठवडाभर बाहेरगावी होत्या. बावीस तारखेला संध्याकाळी पाचला येणार आणि तेव्हा जागा रिकामी हवी, असं त्यांनी लेखी घेतलं होतं. येणारे जाणारे थांबू लागले. एकाने टेबलाला मधोमध भोक पाडून छत्री लावायला सांगितलं. दुसऱ्याने चौकोनी केल्यास लाकूड वाया जात नाही हे पटवून दिलं. तळमजल्यावरच्या आजोबांनी खुर्ची आणून तिथेच मुक्काम टाकला आणि पॉलिशचा रंग यावर रोज नवं मत दिलं. सर कोणालाच दाद देत नव्हते. मध्ये खिळा, खिळ्याला दोरी, दोरीला पेन्सिल असं वर्तुळ आखलं गेलं तेव्हा साडेतीन फूट दोरी त्यांनी स्वतः चार वेळा मोजली.

शेवटी कड. कडेला कागदाइतकी पातळ लाकडी पट्टी चिकटवायची होती. ती आधी चिकटवायची आणि उरेल ती कापायची, अशी सुतारमामांची पद्धत.

“नाही,” सर म्हणाले. “आधी बावीस फूट मोजून कापा, मग चिकटवा. तेवढ्यासाठीच तर हा खटाटोप आहे.”

सुतारमामांनी मोजलं, कापलं आणि डिंक लावत गोल फिरून आले. शेवटी ते टोकाशी वाकून बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. पटाशीचा बारीक आवाज आला. उठले तेव्हा त्यांच्या बोटाच्या पेरावर लाकडाची एक कपची होती, काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढी.

“सर, बावीस फूट जरा जास्त झालं.”

सरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. बावीस सप्तमांश ही संख्या पायपेक्षा किंचित मोठी आहे, हे ते दरवर्षी वर्गात सांगत आणि पुढे म्हणत, “व्यवहारात हा फरक दिसत नाही.” आता तो बोटावर दिसत होता. त्यांनी कपची चष्म्याच्या डबीत टाकली आणि डबी खिशात ठेवली. टेपकाका परीघ मोजणार, आणि टेपकाकांच्या टेपमधून आजवर काही सुटलेलं नाही. त्या दिवशी सरांना जेवण गेलं नाही.

बावीस तारखेला दुपारी तीन वाजता टेबल उभं केलं. पाय नंतर बसवायचे होते. सुतारमामा, त्यांचा भाऊ, औषधवाले आणि चिटणीस अशा चौघांनी ते कडेवर गडगडत हॉलच्या दारापर्यंत आणलं, आणि तिथे घोडं अडलं. दार तीन फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच होतं.

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सुतारमामांनी मात्र मुद्दाम पाहिलं नाही, आणि तेच सरांना जास्त लागलं.

“तिरकं घाला,” केकचा डबा घेऊन मागे उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या.

“त्याने काही होणार नाही,” सर म्हणाले. आता इज्जतीचा प्रश्न होता आणि निदान कारण तरी आपण द्यावं असं त्यांना वाटलं. “रस्त्यावरच्या गटाराचं झाकण गोल का असतं? चौकोनी झाकण तिरकं केलं की आत पडतं. गोल झाकण कसंही फिरवा, रुंदी तेवढीच. हे टेबल कुठूनही धरा, सात फूटच भरणार. आणि दार आहे पावणेसात. म्हणजे अशक्य. सिद्ध झालं.”

सिद्धता बिनतोड होती. पंधरा मिनिटं सगळे तिचा आदर राखून उभे राहिले.

मग सल्ले सुरू झाले. आजोबा खुर्चीसकट आले होते. ते म्हणाले, “तीन इंच कापून टाका. कोण मोजायला बसलंय?” सरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की आजोबांनी खुर्ची मागे सरकवली. औषधवाल्यांनी चौकट काढायचं सुचवलं. चिटणीस म्हणाले की चौकट ही सामायिक मालमत्ता आहे, तिला हात लावायला अभियंत्याचं पत्र लागतं आणि अभियंता गुरुवारी येतो. मग कार्यक्रम पार्किंगमध्येच करावा असं निघालं. चिटणीस म्हणाले, मंजुरी हॉलची आहे, आणि वकीलबाई पाचला येणार आहेत. कोणीतरी खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीला गज होते.

“मी म्हणते, तिरकं घालून तर बघा,” बाई म्हणाल्या.

“सिद्धता दिली ना!” सर म्हणाले.

चार वाजायला दहा मिनिटं होती. हॉलमध्ये खुर्च्या गोलाकार मांडलेल्या होत्या आणि मध्ये काहीच नव्हतं. सरांना एकदम फार थकल्यासारखं वाटलं. वर टेपकाकांच्या घरी खोकी बांधली जात होती, सकाळी ट्रक येणार होता, आणि आपण आठवडाभर एक असं टेबल करत बसलो जे कुठेच जात नाही. अर्ध्या तासाचं काम होतं. दार वाजवायचं होतं.

बरोबर चारला लिफ्ट उघडली. टेपकाका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. हातांना खोकी बांधायच्या चिकटपट्टीचे तुकडे लागले होते. त्यांनी टेबल पाहिलं, दार पाहिलं, सरांना पाहिलं.

“अडलंय?” ते म्हणाले. तीन वर्षांतला हा पहिला शब्द.

“अशक्य आहे,” सर म्हणाले. “व्यास सात, दार पावणेसात.”

“उंची पावणेसात.” टेपकाकांनी खिशातून टेप काढली. तिचं टोक चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात सरांच्या हाती दिलं. सवयीनेच सर खाली बसले आणि टोक धरलं. बावीस वर्षांत त्यांनी ते कितीदा धरलं होतं. टेपकाकांनी टेप तिरकी ताणत समोरच्या वरच्या कोपऱ्यात नेली. “सात फूट साडेचार इंच. टेबल कसंही फिरवलं तरी सात, हे तुझं बरोबर आहे. पण दार काही गोल नाही. वहिनी कधीच्या सांगताहेत, वरपर्यंत ऐकू येत होतं.”

कर्ण. आयताचा कर्ण. आठवीचा तिसरा धडा. सर उंबऱ्यात बसूनच राहिले. ज्या प्रमेयावर त्यांनी चाळीस वर्षं काढली ते त्यांच्या डोक्याच्या वर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ताणलेलं होतं.

“मी शिवणाची बाई,” बाई कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाल्या. “कापड कमी पडलं की तिरकं धरतो आम्ही.”

टेबल कडेवर उभं राहिलं, एका बाजूला कललं आणि चिटणिसांच्या ‘सावकाश, रंग, रंग!’ या घोषात गडगडत आत गेलं. चौकटीला कुठे ओरखडासुद्धा नाही. पार्किंगमध्ये वकीलबाईंचा हॉर्न वाजला तेव्हा सुतारमामा शेवटचा पाय बसवत होते.

सगळे बसले. टेपकाका बसले नाहीत.

“मोजतो,” ते म्हणाले.

आधी व्यास मोजला. तीन ठिकाणी. “सात फूट. छान काम आहे, मामा.” मग ते कडेवरून टेप लावत निघाले. प्रत्येक खुर्चीपाशी माणूस थोडा बाजूला होई आणि टेप पुढे जाई. सरांपाशी आले तेव्हा सरांनी खिशातली डबी चाचपली. फेरी पूर्ण झाली. टेपकाकांनी चष्मा वर करून आकड्याला डोळा लावला. हा माणूस शेताच्या बांधावर बोटभर जागेसाठी चार-चार तास उन्हात उभा राहिलेला. तो किती वाचणार, हे सरांना अगोदरच माहीत होतं.

“बावीस,” टेपकाका म्हणाले आणि टेप सोडून दिली. ती खटकन आत गेली. “बरोबर बावीस फूट.” आणि ते सरांच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

औषधवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबाही वाजवू लागले. बाईंनी केक कापायला सुरी उचलली.

सरांना काय वाटलं ते सरळ सांगायचं तर, त्यांना रडू आलं. टेपकाका खोटं बोलले होते. ज्याने उभ्या जन्मात अर्धा मिलिमीटर कोणाला सोडला नाही, त्याने तो आज सगळ्यांदेखत सोडला होता, आणि तोही जायच्या आदल्या दिवशी. सरांनी खिशातून चष्म्याची डबी काढली, उघडली आणि कपची टेबलावर ठेवली.

“बावीस नाही,” ते म्हणाले. “पट्टी बावीस कापली होती. एवढी उरली.”

टेपकाकांनी कपची बोटावर घेतली आणि उजेडाकडे धरली. “अडीच मिलिमीटर.”

“सवादोन असेल.”

“अडीच.”

“बरं, अडीच. ही माझी चूक. चाळीस वर्षांची. तू म्हणालास ते खरं होतं.”

टेपकाकांनी कागदी रुमाल ओढला, पेन्सिल काढली आणि काहीतरी गुणाकार मांडला. एकदा तपासला. मग रुमाल सरांपुढे सरकवला.

“माझ्या तीन पूर्णांक चौदाने पट्टी कापली असती ना,” ते म्हणाले, “तर तीन मिलिमीटरच्या वर कमी पडली असती. फट राहिली असती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तुझी चूक माझ्यापेक्षा लहान आहे.”

“मग तीन वर्षं बोलला का नाहीस?”

“तू कप ठेवून निघून गेलास. विचारलंस कुठे?”

बाईंनी दोघांपुढे केक ठेवला आणि पुढच्या खुर्चीकडे गेल्या. तिथे मात्र त्यांनी पदराने डोळे पुसले.

सहाला चिटणीस हॉलला कुलूप लावायला आले तेव्हा सगळे गेले होते, दोघंच बसून होते. टेबल उद्या सकाळी आठच्या आत बाहेर निघालं पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. “आठला माझा ट्रक येतोय,” टेपकाका म्हणाले. “त्यात आधी हेच चढवू. ट्रकचं दार मी मोजलेलं आहे.”

“टेबल तू नेणार?” सर म्हणाले. “तुझ्या मुलीच्या घराचं दार?”

“तेही मोजलंय. जातं, तिरकं.” त्यांनी कपची उचलून शर्टाच्या खिशात, टेपच्या शेजारी ठेवली. “चौदा मार्चला ये. एक एकोणसाठला चहा.”

“गाडीला उशीर झाला तर?”

“झाला तर झाला,” टेपकाका म्हणाले. “थांबेन.”